वाटेकडे लागलेले डोळे

आपल्या बोलण्यात एक शब्दप्रयोग असा आहे, की तो आपण दिवसातून दहा वेळा करतो आणि त्यात काय भरलेले आहे याचा विचार एकदाही करत नाही. 'मी तुमची वाट पाहत होतो,' असे आपण सहज म्हणतो. वाट म्हणजे रस्ता. यायचे असते माणसाने, आणि आपण पाहत असतो रस्त्याकडे. माणूस समोर असता तर त्यालाच पाहिले असते. तो नाही, म्हणून ज्या वाटेने तो गेला आणि ज्या वाटेने तो परत येईल, ती वाट पाहायची. विरह म्हणजे काय हे सांगण्यासाठी पंडितांनी मोठमोठे ग्रंथ लिहिले. आपल्या आज्या-पणज्यांनी ते दोन शब्दांत सांगून ठेवले आहे.

आता गंमत पाहा. आपल्यापासून फार दूर, कॅस्पियन समुद्राच्या पश्चिम काठावर अझरबैजान नावाचा देश आहे. बाकू ही त्याची राजधानी. तिथली भाषा तुर्की कुळातली. मराठीशी तिचे रक्ताचे नाते नाही. पण त्या भाषेतही कोणाची वाट पाहायची असली म्हणजे त्याचा 'योल' पाहतात, आणि योल म्हणजे वाटच. वाट पाहणे या त्यांच्या क्रियापदाच्या पोटात 'ग्योझ' हा शब्द बसलेला आहे. ग्योझ म्हणजे डोळा. फार दिवस कोणी आले नाही, तर 'डोळे वाटेवर राहिले' असे तिथेही म्हणतात. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता एकच गोष्ट ओळखली.

दूर गेलेल्या जिवलगाची ओढ हा त्या देशाच्या गाण्याचा आणि कवितेचा प्राण आहे. तो आपल्या गोदाकाठच्या गाण्याचाही आहे. आज प्रथम थोडा वेळ त्यांच्या अंगणात जाऊन येऊ आणि मग आपल्या घरी परतू. शेजाऱ्याचे घर पाहून आले, की आपल्या घरातल्या नेहमीच्या वस्तू नव्याने दिसू लागतात, हा आपला सर्वांचा अनुभव आहे.

अझरबैजानच्या लोकगीतात 'बायाती' नावाचा एक लहानसा प्रकार आहे. चार ओळी, प्रत्येक ओळीत सात अक्षरे. पहिली, दुसरी आणि चौथी ओळ यमकाने बांधलेली, तिसरी मोकळी. पहिल्या दोन ओळींत बहुधा डोंगर, नदी, बाग, पाखरू असे काहीतरी समोरचे असते. मनातली गोष्ट येते ती शेवटच्या दोन ओळींत. हे ऐकल्याबरोबर जात्यावरच्या ओवीची आठवण यावी. आपली ओवीदेखील आधी शिवारातली बाभळ दाखवते, वाटेवरचा घोडा दाखवते, आणि मग हळूच काळजाला हात घालते.

बायाती हे घराअंगणातले गाणे. मैफलीतले गाणे म्हणजे 'मुगाम'. गाणारा हाती डफ धरतो, साथीला तार आणि कमांचा ही वाद्ये असतात. पुष्कळसा भाग तालाच्या बंधनाबाहेर, आपल्या आलापासारखा चालतो, आणि स्वर पायरीपायरीने वर चढत जातो. शब्द असतात ते गझलांचे. उझेयिर हाजिबेयोव्ह या थोर संगीतकाराने 1945 मध्ये आपल्या देशाच्या संगीताची मूलतत्त्वे सांगणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात कोणत्या स्वरबंधाने कोणती भावना जागते हे त्याने सांगितले आहे. सेगाह प्रेमाची भावना जागवतो, शुश्तर खोल दुःखाची. आपल्याकडे राग आणि रस यांची जोडी लावतात, तसेच हे. या मुगामला 2003 मध्ये युनेस्कोने मानवजातीचा ठेवा म्हणून गौरविले.

या गझलांचा मोठा धनी म्हणजे फुझुली. सोळाव्या शतकातला हा कवी राहिला इराकच्या भूमीत आणि 1556 मध्ये निवर्तलाही तिथेच. पण त्याने अझरबैजानी भाषेत जी 'लैला-मजनू'ची कथा रचली, ती त्या लोकांनी उराशी धरली. तीच कथा त्याच्याआधी साडेतीनशे वर्षे गंजा शहराच्या निजामी कवीने फारसीत लिहिली होती. लैलेची आणि मजनूची ताटातूट होते आणि मजनू रानावनात, वाळवंटात भटकत राहतो, हे आपल्यालाही ठाऊक आहे. फुझुलीच्या कथेत मात्र पुढे एक विलक्षण प्रसंग आहे. अखेर लैला स्वतः त्याच्यापाशी येते, तेव्हा मजनू तिला ओळखतच नाही! जी बाहेर शोधायची होती ती आता त्याच्या आत येऊन बसली आहे. समोर उभी असलेली लैला त्याला नकोशी झाली आहे. माणसाच्या प्रेमाने सुरू झालेली वाट देवापाशी गेली. सूफी विचाराची ही खूणच आहे.

हाजिबेयोव्हने याच काव्यावर संगीत नाटक बसवले आणि 1908 च्या जानेवारीत बाकूच्या रंगभूमीवर ते प्रथम झाले. मुस्लिम स्त्रीने रंगभूमीवर यायचे नाही, अशी तेव्हाची रीत. म्हणून पहिली लैला एका पुरुषानेच उभी केली. यात हसण्यासारखे काही नाही. पुढे आठ वर्षांनी, 1916 मध्ये, आपल्याकडे 'संगीत स्वयंवर' आले, तेव्हा कृष्णासाठी झुरणारी रुक्मिणी बालगंधर्वच गात होते. बाईचे दुःख बाईच्या गळ्यातून ऐकायला समाजाला फार दिवस लागले, तिथेही आणि इथेही. ही गोष्ट ध्यानात ठेवा; पुढे तिचे काम आहे.

मजनू हा घर सोडून गेलेला. पण मागे राहिलेल्यांचीही गाणी त्या देशात आहेत. गावोगाव साझ वाजवत कथा गाणाऱ्यांना तिथे 'आशिक' म्हणतात. त्यांची एक कथा आहे आशिक गरीबची. हा पोरगा निर्धन. लग्नाला पैसा नाही, म्हणून सात वर्षे परमुलखात कमाईला जातो, आणि त्याची शाहसनम सात वर्षे त्याची वाट पाहत बसते. यातला 'गरीब' हा शब्द शिक्षक बंधूंनी जरूर टिपून घ्यावा. आपण तो दरिद्री या अर्थाने वापरतो. मूळ अरबीत आणि अझरबैजानीतही गरीब म्हणजे परका, घर सोडून परमुलखात पडलेला माणूस. त्या एका शब्दात दोन दुःखे एकमेकांना कशी चिकटलेली आहेत! पोटाला नाही म्हणून मुलूख सोडायचा, आणि मुलूख सोडला म्हणून पोरके व्हायचे.

पुढे त्या लोकांवर आणखी एक ताटातूट ओढवली. 1813 आणि 1828 साली रशिया आणि इराण यांच्यात दोन तह झाले आणि आराझ नदीच्या मोठ्या भागावर सरहद्द आली. एकच भाषा बोलणारे लोक नदीच्या दोन काठांना वाटले गेले. तेव्हापासून आराझ हा शब्दच तिथल्या कवितेत विरहाची खूण होऊन बसला. जिवलग म्हणून ज्याला हाक मारायची तो कधी प्रियकर असतो, कधी पलीकडच्या तीरावरचा भाऊ, कधी सुटलेले गाव. तब्रीझच्या शहरियार कवीने तर आपल्या लहानपणच्या गावाशेजारच्या डोंगराला उद्देशून एक दीर्घ कविता लिहिली आणि ती नदीच्या दोन्ही काठांवर लोकांच्या तोंडी झाली. प्रिय माणसाच्या जागी डोंगर! पण ओढ तीच.

श्रोतेहो, इथपर्यंत जे सांगितले त्याचे सार असे, की विरहाचे गाणे एकच राहते आणि त्यातला जिवलग बदलत जातो. प्रियकर, देव, भाऊ, गाव. हे सूत्र हाती धरून आता आपण परत येऊ.

येताना वाटेत थोडे औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला थांबू. कारण मधला दुवा तिथे आहे. वली आणि सिराज हे दख्खनचे दोन मोठे गझलकार त्या शहराचे. फारसी कवितेचा जो प्रवाह बाकूकडे गेला, त्याचाच एक फाटा दख्खनेत आला होता. आपला परभणी जिल्हा 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात होता, त्या पिढीतले लोक शाळेत उर्दू शिकले, आणि हसरत, इंतजार, जुदाई हे शब्द आपल्या कानांना कधी परके वाटले नाहीत. यांपैकी हसरत आणि इंतजार हे दोन शब्द बाकूच्या गवयालाही थोड्या फरकाने तसेच कळतील.

पण आपल्या विरहगीताची मुळे त्याहून कितीतरी जुनी आहेत, आणि ती गोदावरीच्या पाण्यात आहेत. पैठणला सातवाहनांची राजधानी होती. त्या वंशातल्या हाल राजाने महाराष्ट्री प्राकृतातल्या सातशे गाथा एकत्र केल्या, असे परंपरा सांगते. तीच 'गाथासप्तशती'. संग्रहाची सुरुवात इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतली, पुढे त्यात भर पडत गेली. 1956 मध्ये स. आ. जोगळेकरांनी या ग्रंथाची मोठ्या कष्टाने सिद्ध केलेली मराठी आवृत्ती प्रसिद्ध झाली. पैठणवरून वाहत येणारी गोदावरी पुढे आपल्या पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पूर्णा या तालुक्यांतून जाते, आणि त्या गाथांत तिचे नाव पुनःपुन्हा येते.

या गाथांत राजवाडे फारसे नाहीत. शेते आहेत, गावची पाणवठ्याची वाट आहे, पाऊस आहे. आणि प्रवासाला गेलेला नवरा व घरी राहिलेली बायको आहे. एका गाथेतली भोळी पोर हातापायांच्या बोटांवर दिवस मोजते. बोटे संपतात, दिवस संपत नाहीत. आता कशावर मोजू, म्हणून ती रडू लागते. दुसऱ्या एका गाथेतली बाई नवरा गेल्याचे दिवस भिंतीवर रेघा ओढून मोजणार असते. पण 'आज गेले' एवढेच मनात घोळवत ती अशा काही रेघा ओढते, की पहिल्या दिवसाच्या पूर्वार्धातच भिंत भरून जाते. दीडएक हजार वर्षांपूर्वीची ही बाई आपल्याला अनोळखी वाटते काय? तिची भिंत मातीची असेल आणि रेघ कोळशाची, एवढेच आपण मनाने भरून घ्यावे.

इथे आपला आणि मजनूचा फरक दिसतो. मजनूच्या कथेत जो घराबाहेर पडला तो गातो. वाळवंट त्याचे अंगण होते. आपल्या गाथेत बहुधा जी घरात राहिली तिचे बोल ऐकू येतात. तिला रानात भटकायची मुभा नाही. दळायचे आहे, सारवायचे आहे, लेकराला पाजायचे आहे, आणि या सगळ्यातून जे उरेल ते गाण्यात घालायचे आहे. म्हणून आपल्या विरहगीताला घरकामाचा वास आहे. ते दुःख चुलीजवळचे आहे.

हाच आवाज पुढे संतांनी उचलला. ज्ञानेश्वरांचे जन्मस्थान आपेगाव हे पैठणजवळ, त्याच गोदाकाठी. ज्ञानेश्वरीत गीतेचा अर्थ उलगडणारा हा महापुरुष आपल्या विरहिणीत मात्र बाईचा आवाज घेतो. कावळा ओरडला म्हणजे पाहुणा येणार, ही आपल्या घराघरातली समजूत. ज्ञानेश्वरांची विरहिणी त्या कावळ्याला लाच देऊ करते, का तर पंढरीचा राणा केव्हा येईल ते सांग. चंदनाने अंग पोळते, चांदणे सोसवत नाही. हृदयनाथ मंगेशकरांनी या रचनांना चाली दिल्या, लताबाईंनी त्या गायिल्या आणि या विरहिणी रेडिओवरून आपल्या घरी आल्या. त्या कोणी ऐकल्या नसतील असे नाही. आणि शेवटी काय होते? भेट झाली असे वाटते, आणि पाया पडायला जावे तर पाऊल कुठे ते कळत नाही. फुझुलीच्या मजनूला समोरची लैला दिसेनाशी झाली, ती त्याच्या अडीचशे वर्षे आधी आपल्या विरहिणीने पाहिलेलीच जागा आहे.

ज्ञानेश्वरांनी बाईचा आवाज का घेतला असेल? वर्गात आपण सांगतो, की जीव ही स्त्री आणि परमात्मा हा पती, हे रूपक आहे. ते खरे आहे. पण रूपक आकाशातून पडत नाही. वाट पाहण्याचे काम आपल्या समाजात पिढ्यान् पिढ्या कोणाच्या वाट्याला आले होते? बाईच्या. ज्याला वाट पाहायला शिकायचे आहे त्याने तिच्याकडेच जायला हवे. संत तिच्याकडे गेले. एवढा मान तिला दुसऱ्या कोणी दिला, असे मला तरी दिसत नाही.

आपल्या भागाला तर या बाबतीत विशेष अभिमान वाटावा. नामदेवांचे नरसी गाव आज हिंगोली जिल्ह्यात आहे, पण 1 मे 1999 ला हिंगोली वेगळा होईपर्यंत ते आपल्याच परभणी जिल्ह्यात होते. आणि जनाबाई गंगाखेडची. लहानपणीच तिचे घर सुटले आणि ती पंढरपुरात नामदेवांच्या घरी दासी म्हणून वाढली. तिच्यापाशी पती नाही, माहेर नाही, सासर नाही. वाट पाहावी असे या जगात तिला कोणी उरले नव्हते. आणि नेमके तिनेच काय केले पाहा. तिचा देव दूर राहिलाच नाही. तो तिच्याबरोबर दळायला बसतो, शेण्या वेचतो, तिची वेणी घालतो. एकटीने जाते ओढताना समोरच्या खुंट्याला दुसरा हात हवासा वाटतो. जनाबाईने तो हात विठ्ठलाचा केला. विरहाच्या सगळ्या कवितांत मला ही गोष्ट सर्वांत धीट वाटते. जे कोणी येणारच नव्हते, त्याला तिने कामाला लावले!

मध्यंतरी पेशवाईत शाहिरांच्या लावणीतही वाट पाहणारी आली. धनी मोहिमेवर गेलेला, पावसाळा तोंडावर आलेला, आणि ही माडीवर एकटी. लष्कराच्या पेशाने घरोघर जी पोकळी पाडली तिचे ते गाणे. शाहीर पुरुष, पुष्कळदा श्रोतेही पुरुष, म्हणून त्यात शृंगाराचा रंग जास्त. आपण तिथे फार थांबायला नको. आपल्याला जायचे आहे जात्यापाशी, जिथे गाणारीही बाई आणि ऐकणारीही बाई.

ओवी किती जुनी? बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' या ग्रंथात सोमेश्वर राजाने महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात, अशी नोंद करून ठेवली आहे. म्हणजे ज्ञानेश्वरांच्याही आधीपासून ती चालत आली. साने गुरुजींनी 'स्त्रीजीवन'मध्ये ओव्या गोळा केल्या. मराठवाड्यात डॉ. ना. गो. नांदापूरकरांनी बायकांच्या तोंडची रामकथा जमवली. वनात सोडलेल्या सीतेचे दुःख आपल्या बायाबापड्यांनी किती जवळचे मानले आहे, ते त्यात दिसते. अलीकडे हेमा रायरकर आणि गी पॉइत्व्हॅं यांनी अनेक वर्षे गावोगाव फिरून एक लाखाहून अधिक ओव्या टिपल्या. म्हणजे साहित्य भरपूर आहे. आता त्यात एक प्रश्न घेऊन शिरू. ओवीतला दूर गेलेला जिवलग कोण?

उत्तर ऐकून नवल वाटेल. नवरा आहे, नाही असे नाही. कधी तो कंथ म्हणून येतो, कधी चुडा म्हणून, कधी कुंकू म्हणून. पण त्याच्यासाठी मोकळेपणाने झुरणारी ओवी त्या मानाने थोडी. वाट पाहिली जाते ती भावाची. पंचमीचा सण जवळ आला, शेजारणींचे मुऱ्हाळी येऊ लागले. माझा भाऊ कुठे अडला? नदीला पूर आला का? बैल थकले का? उचकी लागली, ती आईने आठवण काढली म्हणून. आई, बाप, भाऊ, भाचा, माहेरची वेस, वेशीवरचा मारुती, हे सगळे तिच्या ओवीत जिवलगाच्या आसनावर बसतात.

असे का? बाईला नवऱ्याची ओढ नव्हती म्हणून? मुळीच नाही. जाते होते घरात, पहाटेची वेळ, पलीकडे सासू जागी, दीर जागा. ज्याचे नावसुद्धा उखाण्यात बांधल्याशिवाय घ्यायचे नाही, त्याच्यासाठी जीव तुटतो असे मोठ्याने गायचे कसे? भावाचे नाव मात्र घेता येत होते. भावासाठी रडले तर कोणी बोट दाखवणार नव्हते. म्हणून कित्येक दुःखे त्या एका नावाखाली गोळा झाली. नवऱ्याने बोलावे तसे न बोलणे, सासरचे परकेपण, संपलेले बालपण, सगळे 'भाऊ अजून आला नाही' या एका वाक्यात मावले. आणि भाऊही आला नाही, तर मग पंढरी हे माहेर आणि विठ्ठल हा आई-बाप. ती वाट तर कोणी अडवू शकत नव्हते. मघा मी म्हणालो होतो ना, बाईचे दुःख बाईच्या गळ्यातून ऐकायला समाजाला फार दिवस लागले? आपल्या बाईने समाजाची वाट पाहिली नाही. ज्या नावाने गाता येईल त्या नावाने ती गात राहिली.

म्हणून शिक्षक बंधुभगिनींना माझी विनंती आहे. विरहाची कविता शिकवताना 'हा शृंगार', 'हे अध्यात्म', 'हे लोकगीत' अशी चिठ्ठी डकवून पुढे जाऊ नये. त्या जागी मुलांना एक साधा प्रश्न विचारावा: हे गाणे कोणत्या घरातून येते, आणि त्या घरात कोणाचे नाव मोठ्याने घ्यायला परवानगी होती? या प्रश्नाने पाठ कंटाळवाणा होणार नाही. मुले उत्तरे घरून आणतील.

हे काम आताच करायचे कारण आहे. पिठाची गिरणी आली आणि बाईच्या खांद्यावरचे मोठे ओझे उतरले. ते उतरले हे चांगलेच झाले. पहाटे तीनला उठून पायली दळणाऱ्या बाईला पुन्हा जात्यावर बसा म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. पण जात्याबरोबर ओवीची जागाही गेली. ज्या आज्यांना ओव्या येतात त्या आता थकल्या आहेत. गावात अशी आजी असेल तर तिच्यापाशी बसा. ती म्हणेल तसेच लिहा. 'म्या' म्हणाली तर 'मी' करू नका, 'तुह्या'चे 'तुझ्या' करू नका. शब्द सुधारला की त्यातले गाव पुसले जाते. ती ओवी तिला कोणाकडून आली, माहेरची की सासरची, हे शेजारी टिपून ठेवा. आणि शेवटी हळूच विचारा, की आजी, ही ओवी म्हणताना तुमच्या मनात कोण असायचे? काही आज्या हसतील, काही गप्प बसतील. गप्प बसल्या तर पुन्हा विचारू नका.

आता शेवटची गोष्ट. वाट पाहणे काही संपलेले नाही. आपल्या जिल्ह्यातून, शेजारच्या बीडमधून, दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला माणसे निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता, असा तो हिशोब. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात आणि हंगाम संपला की उन्हाळ्याच्या तोंडी परततात. पूर्वी नवरा जायचा आणि बाई राहायची. आता दोघेही जातात. मग मागे कोण राहते? म्हातारी माणसे आणि शाळेत जाणारी लेकरे. कोणी आजीजवळ राहते, कोणी हंगामी वसतिगृहात. गाथेतल्या त्या पोरीसारखी बोटांवर दिवस मोजणारी आता आपल्या तिसरी-चौथीच्या वर्गात बसलेली आहे, आणि तिची बोटेही पुरत नाहीत. आशिक गरीबच्या नावातले दोन्ही अर्थ तिच्या आईबापांना लागू पडतात.

कोणी म्हणेल, आता मोबाइल आहे, रोज आवाज ऐकू येतो. येतो खरा. परंतु आवाज येतो आणि माणूस येत नाही, तेव्हा वाट अधिकच लांब वाटते, हेही तितकेच खरे. गाथेतली बाई रेघा ओढत होती, आपली आजी ओवी म्हणत होती. या लेकराच्या हाती काय आहे? त्याला ओवी येत नाही, कोणी शिकवली नाही. ते वर्गात खिडकीबाहेर पाहत बसते आणि आपण त्याला म्हणतो, लक्ष कुठे आहे तुझे? त्याचे लक्ष वाटेकडे आहे.

अशा मुलाला निबंध लिहायला सांगताना 'माझी सहल' या विषयाबरोबर एकदा 'मी कोणाची वाट पाहतो' हाही विषय द्यावा. लिहिलेले वर्गात मोठ्याने वाचायला लावू नये. वाचायचे की नाही हे त्यानेच ठरवावे. शुद्धलेखनाच्या लाल रेघा त्या एका वहीत ओढू नयेत. चार ओळी लिहील, दोन लिहील. आईला लिहील, किंवा आईचे नाव टाळून घरच्या शेळीबद्दल लिहील. तेही समजून घ्यावे; कारण जवळच्या माणसाचे नाव घेता येत नाही, तेव्हा दुसऱ्याच कोणाचे नाव पुढे करायचे, हे आपल्या गाण्यांनी आपल्याला फार पूर्वीपासून शिकवलेले आहे.

आणि जे पालक ऊसाच्या फडावर, कोपीत बसून हे भाषण ऐकत असतील, त्यांना एवढेच सांगतो. फोन कराल तेव्हा 'अभ्यास केला का' हे विचाराच, पण त्याआधी आपण कोणत्या महिन्यात येणार ते लेकराला सांगा. मोजायला काहीतरी हाती असले म्हणजे दिवस कटतात.